मुलगा घरात कुणाचंच ऐकत नाही, वस्तू फेकतो. निवासी शाळेत ठेवावं का?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. नवरा मुंबईला नोकरीला, महिना-दीड महिन्यातून दोन दिवस येतो. घरात सासू-सासरे आणि चार वर्षांची धाकटी मुलगी. मुलगा सांगितलेलं काही करत नाही, उलट उत्तरं देतो, मोबाइल काढून घेतला की हाताला लागेल ते फेकतो. परवा आजीच्या अंगावर तांब्या फेकला. शाळेत मात्र बाईंची तक्रार नाही. समजावून झालं, मार देऊन झाला, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालं. आता घरातली मंडळी म्हणतात, पाचवीपर्यंत थांबू नका, निवासी शाळेत टाका, तिथे सरळ होईल. ताई विचारतात, पाठवू का? की आधी डॉक्टरांना दाखवू? हा आजार आहे की आमचंच काही चुकलं? शेवटी त्यांनी लिहिलंय की रात्री सगळे झोपल्यावर त्या रडत बसतात.

ताई, आधी थेट उत्तर देते. या कारणासाठी त्याला निवासी शाळेत पाठवू नका. डॉक्टरांना जरूर दाखवा, काही गोष्टी आधी तपासून बाजूला काढाव्या लागतात, त्या पुढे सांगते. ‘आमचंच चुकलं का’ याला मात्र हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. मूल आणि घर यांच्यात वागण्याची एक सवय पडत जाते. ती कुणी ठरवून पाडलेली नसते, सगळ्यांच्या वागण्यातून पडलेली असते, आणि ती मोडायची ताकद मुलापेक्षा मोठ्यांकडे जास्त असते. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते. अशा मुलाला एकट्याला माझ्यासमोर बसवून चार गोष्टी समजावल्या तर तो समजूतदारपणे मान हलवतो, घरी जातो आणि संध्याकाळी तेच करतो. घरातली मोठी माणसं आपली वागण्याची पद्धत बदलायला तयार झाली की मग मूल बदलायला लागतं. त्यामुळे माझं बहुतेक काम मोठ्यांबरोबरच चालतं.

आता आजाराचं. अशा वागण्याला ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, थोडक्यात ओडीडी, असं निदान आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे चिडकेपणा, वाद घालणं आणि मुद्दाम न ऐकणं, डूख धरणं अशा आठ लक्षणांपैकी किमान चार लक्षणं किमान सहा महिने दिसायला हवीत. तीही भावंडांखेरीज निदान एका माणसाशी वागताना. पाच वर्षांच्या पुढच्या मुलात आठवड्यातून एकदा तरी असं व्हायला हवं. दोन-अडीच वर्षांचं मूल ‘नाही’ म्हणून लोळण घेतं तो आजार नव्हे, वाढीचा भाग आहे. तुमच्या मुलाला हे निदान लागू होईल की नाही, ते त्याला न बघता सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. दिलासा एवढाच की निदान झालं किंवा नाही झालं तरी पहिला उपाय एकच आहे, तो म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पालकांचे गट घेऊन शिकवण्याचाच सल्ला देतात, आणि नुसत्या न ऐकण्यासाठी सरसकट गोळ्या देऊ नका असं सांगतात.

मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. हे वागणं लहानपणापासून हळूहळू वाढत आलंय की दोन-चार महिन्यांत एकदम सुरू झालंय? एकदम सुरू झालं असेल तर काहीतरी घडलंय असं धरून चला. कुणी मोठ्या मुलाने त्रास दिला असेल, कुणी नको तिथे हात लावला असेल, घरात कुणाचा मृत्यू झाला असेल, मोठ्यांची भांडणं त्याने ऐकली असतील. घरात दारू आणि मारहाण असेल तर आधी तो प्रश्न हातात घ्यावा लागतो, मुलाच्या शिस्तीचा नंतर. त्याला ऐकू नीट येतं ना, रात्री झोप पुरी होते ना, हेही बघा. सतत सर्दी आणि कान फुटण्याने कमी ऐकू येणारी मुलं ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खाताना मी पाहिली आहेत. मूल एका जागी टिकत नसेल, बोलणं मध्येच तोडत असेल, वस्तू सतत हरवत असेल तर अतिचंचलतेची, म्हणजे एडीएचडीची, तपासणी करून घ्या. एडीएचडी आणि न ऐकणं या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने येतात, आणि एडीएचडीला औषधाचा खरोखर उपयोग होऊ शकतो.

शाळेचंही नीट विचारा. ‘तक्रार नाही’ याचे दोन अर्थ निघतात. शाळेत घंटा, रांग, डबा, खेळ सगळं रोज त्याच वेळी आणि त्याच रीतीने होतं, म्हणून त्याला तिथे वागणं सोपं जातं, हा एक अर्थ. तसं असेल तर चांगलं लक्षण आहे, कारण ऐकण्याची क्षमता त्याच्यात आहे हे त्यातून कळतं. दुसरा अर्थ असा की त्याला वाचन जमत नाही, तो मागच्या बाकावर गप्प बसून दिवस ढकलतो आणि घरी आल्यावर फुटतो. बाईंना एवढंच विचारा की त्याला न पाठ केलेला धडा वाचता येतो का. उत्तर ‘अडखळत’ असं आलं तर अभ्यासाच्या वेळची निम्मी भांडणं तिथून येत असण्याची शक्यता आहे.

हे सगळं ठीक असेल असं धरून पुढे जाऊ. तुमच्या घरात नक्की काय घडत असेल, ते मी पाहिलेल्या अनेक घरांवरून लिहिते. जुळतंय का बघा.

संध्याकाळचे सात. मुलगा पडवीत मोबाइल घेऊन बसलाय. आई आतून हाक मारते, “अभ्यासाला बस रे.” तो “हो” म्हणतो, हलत नाही. आईचे हात पिठात, तव्यावर भाकरी. पाच मिनिटांनी पुन्हा, “बसलास का?” “थांब ना!” तिसऱ्या हाकेला आवाज चढतो. चौथ्या वेळी आई बाहेर येते आणि पिठाच्या हातानेच मोबाइल ओढते. मुलगा किंचाळतो, पाय आपटतो, दप्तर खळ्यात भिरकावतो. आजी म्हणते, “राहू दे गो, दिवसभर शाळेत होता, जेवल्यावर बसेल.” आत भाकरी करपल्याचा वास, धाकटी रडतेय. आई मोबाइल त्याच्यासमोर टाकते आणि आत जाते. घर शांत होतं.

या दहा मिनिटांत तिघंही काहीतरी शिकले. मुलगा शिकला की पहिल्या तीन हाकांना अर्थ नसतो आणि किंचाळलं की मोबाइलही मिळतो, अभ्यासही टळतो. आई शिकली की दिलं की शांतता मिळते. आजी शिकली की आपण मध्ये पडलो की वाद मिटतो. एखाद्या दिवशी आई पाठीत धपाटा घालते आणि तो रडत रडत बसतो. तेव्हा आईही शिकते की राग डोक्यात गेल्यावरच काम होतं. दुसऱ्या दिवशी दोघंही कालच्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात करतात. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांच्या घरी जाऊन, कोण काय बोललं आणि त्यावर दुसऱ्याने काय केलं, याच्या क्षणाक्षणाच्या नोंदी घेतल्या. त्यातून त्यांनी दाखवलं की मूल आणि पालक एकमेकांना असंच बळजबरीने वागायला शिकवत जातात. त्यात वाईट माणूस कुणीच नसतं. प्रत्येकाला त्या क्षणापुरती सुटका हवी असते आणि ती मिळते, म्हणून ही सवय इतकी घट्ट बसते.

ती सोडवण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, तिचा पाया त्याच ओरेगॉनमध्ये कॉन्स्टन्स हान्फ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस घातला. त्यांनी काम दोन टप्प्यांत विभागलं. आधी मुलाच्या कलाने खेळणं, मग मोठ्यांनी सूचना देणं आणि त्या पाळून घेणं. पुढे शीला आयबर्ग, कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन, रेक्स फोरहँड आणि इतरांनी आपापले कार्यक्रम याच पायावर उभे केले. मी स्वतः याच क्रमाने काम करते आणि क्रम उलटा करत नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घर दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतं, म्हणजे शिस्तीपासून. पण ज्या मुलाला दिवसभरात आपल्याबद्दल चांगलं काहीच ऐकायला मिळत नाही, त्याला तुमचं ऐकून मिळवायचं तरी काय असतं?

म्हणून पहिले दोन आठवडे शिस्तीचं नाव काढू नका. रोज पाच-दहा मिनिटं फक्त त्याच्याबरोबर बसा, धाकटी आजीकडे द्या. खेळ त्याने निवडायचा. ठोकळे असोत, काजूच्या बिया असोत, किनाऱ्यावरून आणलेले शिंपले असोत, फक्त मोबाइल नको. त्या वेळात प्रश्न विचारायचा नाही, शिकवायचं नाही, चूक काढायची नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. माझ्याकडे एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाबरोबर चटईवर ठोकळे खेळत होती. “हा कुठला रंग? मग इथे का लावलास? नीट लाव, पडेल. शाळेत असंच करतोस का?” मुलाने मान खाली घातली आणि पायाने अख्खा मनोरा ढकलला. मी त्यांना म्हटलं, आता तो जे करतोय तेवढंच बोला. त्या जरा अवघडल्या, मग म्हणाल्या, “तू लालवर निळा ठेवलास.” थोड्या वेळाने, “आता हिरवा शोधतोयस.” मुलाने वर बघितलं. आई थट्टा करत नाहीये याची त्याने खात्री केली आणि एक ठोकळा तिच्या हातात दिला. एवढंच करायचं आहे, पण रोज. ज्या दिवशी त्याने घर डोक्यावर घेतलं असेल त्या दिवशीसुद्धा. ही वेळ बक्षीस म्हणून द्यायची नाही आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाही.

याच दोन आठवड्यांत दुसरं काम म्हणजे तो जेव्हा ऐकतो तेव्हा ते बोलून दाखवणं. तो दिवसभरात काहीच ऐकत नाही असं तुम्हाला वाटतं, पण नीट पाहिलंत तर चपला जागेवर ठेवलेल्या दिसतील, बहिणीला झोका दिलेला दिसेल. “शहाणा माझा बाळ” असं मोघम म्हणू नका. “पहिल्या हाकेला आलास, मला बरं वाटलं” असं नेमकं म्हणा. आपल्या घरांत तोंडावर कौतुक करायला लोक बिचकतात. दृष्ट लागेल, डोक्यावर बसेल, असं म्हणतात. एका घरातल्या आजी दर शनिवारी नातवाची मीठ-मिरचीने दृष्ट काढायच्या. मी त्यांना सुचवलं की दृष्ट जरूर काढा, काढताना त्याने आठवड्यात काय चांगलं केलं तेही बोला. त्यांना ते पटलं, आणि मुलगा शनिवारची वाट बघायला लागला.

मग दुसरा टप्पा. दिवसाला तुम्ही किती सूचना देता ते एकदा मोजा, धक्का बसेल. त्यातल्या बहुतेक गाळून टाका. ज्या उरतील त्या देताना स्वयंपाकघरातून ओरडू नका. दोन पावलं चालत जा, त्याच्या समोर, त्याच्या उंचीला या, नाव घ्या, त्याने बघितलं की एकच गोष्ट सांगा. “अभ्यासाला बसतोस का?” हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर असू शकतं. “मोबाइल मला दे आणि दप्तर घे” ही सूचना झाली. सांगून झालं की मनात पाच अंक मोजा आणि गप्प राहा. हे गप्प राहणंच सगळ्यात जास्त अवघड जातं, कारण आपण त्या पाच सेकंदांत पुन्हा तेच सांगतो, कारणं देतो, गेल्या आठवड्याची आठवण काढतो. त्याने केलं तर लगेच दोन चांगले शब्द. नाही केलं तर एकदाच, आवाज न चढवता: “मोबाइल दिला नाहीस तर उद्या संध्याकाळी मोबाइल मिळणार नाही.” पुन्हा पाच सेकंद. मग जे बोललात ते करायचं. न राग काढता, न व्याख्यान देता.

परिणाम छोटा, त्याच दिवशीचा किंवा दुसऱ्या दिवशीचा असावा. “महिनाभर सायकल बंद” असं म्हणू नका. ते तुम्हालाच निभवत नाही आणि तिसऱ्या दिवशी सायकल बाहेर येते. आठ वर्षांच्या मुलाला पाच-सात मिनिटं पडवीच्या पायरीवर एकटं बसवणंही चालतं. अंधाऱ्या खोलीत कोंडणं मात्र नाही, आणि राखणदार येईल, पोलीस नेतील अशी भीती घालणंही नाही. भीतीने मूल त्या रात्रीपुरतं गप्प होतं आणि नंतर झोपेत दचकतं. अंगावर वस्तू फेकणं हा एकच प्रकार असा आहे जिथे आधी इशारा द्यायचा नाही, परिणाम थेट व्हायला हवा. धाकटीला लागू नये म्हणून तांब्या-पितळेची जड भांडी, कोयती, विळी त्याच्या हाताच्या टप्प्यातून आजच हलवा.

माराबद्दल स्पष्ट लिहिते. मारल्यावर मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून आपला हात पुन्हा उठतो. पण त्यातून ते एवढंच शिकतं की ज्याच्या अंगात जोर जास्त त्याचं चालतं. मग ते धाकट्या बहिणीवर आणि म्हाताऱ्या आजीवर तोच जोर वापरून बघतं. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरात ती आपण आपल्यापुरती घालून घ्यायची.

आता या सगळ्यात जिथे गाडी अडते ती जागा. तुम्ही देणं बंद केलंत की पहिले काही दिवस त्याचं वागणं सुधारणार नाही, बिघडेल. इतके दिवस किंचाळल्यावर जे मिळत होतं ते मिळेनासं झालं की तो आणखी जोरात, आणखी वेळ किंचाळून बघणारच. बहुतेक घरं इथे हरतात आणि म्हणतात की हे उपाय आमच्याकडे चालत नाहीत. खरं तर तो त्रागा म्हणजे उपाय लागू पडल्याची खूण असते. या दिवसांत चौथ्या संध्याकाळी कुणी एकाने जरी मोबाइल हातात दिला, तर आधीच्या तीन दिवसांचे कष्ट वाया जाऊन उलटंच होतं. गळ टाकून बसलेल्याला अधूनमधून एखादा मासा लागतो, म्हणून तो संध्याकाळपर्यंत उठत नाही. मुलाचंही तसंच होतं. कधी मिळतं, कधी नाही, म्हणून तो सोडत नाही.

म्हणून सासूबाई बरोबर हव्यातच. सुना माझ्याकडे येतात त्या बहुतेक वेळा सासूची तक्रार घेऊन, की त्याच लाडावतात. मला हे असं बघणं पटत नाही. तुम्ही बागेत, शेतात किंवा बचत गटाच्या कामाला जाता तेव्हा त्याला जेवू घालणारी, ताप आला तर उशाशी बसणारी तीच बाई आहे. तिला वाद नको असतो. वाडीत एका घरातला आवाज चार घरांत जातो, आणि ‘त्यांच्याकडे रोजची भांडणं’ असं कुणी म्हणू नये, असं तिला वाटतं. नातू रडला तर तिच्या पोटात तुटतं. हे समजून बोललात तर त्या ऐकतात. “तुमच्यामुळे तो बिघडला” म्हणाल तर दार बंद झालं. “आई, तो तुमच्यावर फार जीव लावतो, तुमचा शब्द त्याला लागतो. मी नाही म्हटलं की तुम्हीही दोन आठवडे नाहीच म्हणा, मला तुमची साथ हवी” असं म्हणून बघा. आणि त्यांना नुसतं ‘मध्ये पडू नका’ असं सांगून रिकामं ठेवू नका, काम द्या. किंचाळणं सुरू झालं की त्यांनी धाकटीला घेऊन मागील दारी जायचं. तो शांत झाला की पहिला प्रेमाचा शब्द त्यांनी बोलायचा. लाड करण्याचा त्यांचा हक्क तसाच राहतो, फक्त वेळ बदलते. सासऱ्यांनाही हेच सांगा. शेजारच्या काकू आवाज ऐकून धावत येत असतील तर त्यांनाही आधी कल्पना देऊन ठेवा.

बाबांचं काम वेगळं आहे. “थांब, बाबांना फोनवर सांगते” हे वाक्य आजपासून बंद. त्यामुळे दोन गोष्टी होतात. आईच्या शब्दाला वजन नाही हे आईच कबूल करते, आणि बाबा म्हणजे लांबून रागवणारा माणूस एवढंच नातं उरतं. मग बाबांचा फोन आला की मुलगा लपतो किंवा दोन शब्दांत बोलून पळतो, आणि बाबांना वाटतं की पोरगं आपल्याला विचारत नाही. त्यांना सांगा की रोज ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं, व्हिडिओ कॉल करायचा आणि त्यात तक्रार, अभ्यास, मार्क यांतलं काही काढायचं नाही. आज काय पाहिलंस, खाडीला पाणी किती चढलं, क्रिकेटमध्ये कोण जिंकलं, एवढंच. तुमच्या दोघांचं बोलणं मुलं झोपल्यावर. बाबा गावी येतात तेव्हा दोन दिवसांत महिन्याचं प्रेम देऊ बघतात. खाऊ येतो, मोबाइल मोकळा होतो, रात्री अकरापर्यंत जागरण होतं. ते परत गेल्यावर पुढचे दोन-तीन दिवस तुमच्या घरात सगळ्यात जास्त आदळआपट होत असेल, असा माझा अंदाज आहे. त्यात नियम सैल झाल्याचा भाग आहे आणि बाप गेल्याच्या दुःखाचाही. आठ वर्षांचा मुलगा ‘मला बाबांची आठवण येते’ असं म्हणत नाही, दप्तर फेकतो. म्हणून निघताना चोरून निघू नका. पुढच्या येण्याची तारीख कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि मोबाइलचा आणि झोपेचा असे दोन नियम बाबा असतानाही तेच ठेवा.

सुरुवात कधी करायची हेही ठरवून करा. गणपतीच्या आठवड्यात नको, शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असताना नको. आंबा उतरवण्याच्या आणि पेट्या भरण्याच्या दिवसांतही नको, कारण तेव्हा घरातल्या कुणालाच पाच सेकंद गप्प उभं राहायचं त्राण नसतं. मे महिन्यात चाकरमानी भावंडं येतात तेव्हा सगळे नियम वाहून जातात. दिवाळीची सुट्टी संपली की पुढचे महिना-दोन महिने आपल्याकडे त्यातल्या त्यात शांत असतात. पावसात सुरू करायचं असेल तर हे लक्षात घ्या की मुलं दिवसचे दिवस घरात कोंडली जातात, म्हणून अंगातली रग जिरवायला काहीतरी जागा ठेवावी लागेल, निदान पडवीत उड्या मारायची मोकळीक.

हे सगळं करूनही काही मुलांचा राग एका ठरावीक जागी पेटत राहतो. खेळ मध्येच थांबवला की, किंवा ठरलेली गोष्ट ऐन वेळी बदलली की. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन म्हणतात की अशा मुलांना वागायचं नसतं असं नाही, त्यांना ते जमत नसतं. राग आवरण्याचं किंवा एका गोष्टीतून दुसरीत जाण्याचं कौशल्य त्यांच्यात अजून आलेलं नसतं. मला हे पटतं, आणि आठ वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर मी ते वापरते. वाद चालू असताना नाही, दुसऱ्या दिवशी सगळं शांत असताना विचारायचं, “मोबाइल ठेवायच्या वेळी तुला काय होतं?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. एका मुलाने मला सांगितलं की खेळ मध्येच बंद केला की त्यात जमवलेलं सगळं जातं. त्याच्या घरी फक्त एवढं बदललं की डाव सुरू करण्याआधी वेळ सांगायची आणि एक डाव संपल्यावर मोबाइल घ्यायचा. भांडणं पूर्ण थांबली नाहीत, पण रोजची राहिली नाहीत.

आता निवासी शाळेचं. गावात पुढचं शिक्षण नाही म्हणून मूल बाहेर ठेवावं लागणं वेगळं. त्यासाठी आधी तयारी करता येते आणि मुलालाही कारण समजतं. पण ‘तू ऐकत नाहीस म्हणून’ पाठवलेलं मूल त्यातून एकच अर्थ काढतं, की धाकटीला ठेवलं आणि मला घालवलं. ते तिथे गप्प राहीलही, पण घरात जी सवय पडली आहे ती घरातच तशी राहते आणि पहिल्या सुट्टीत पुन्हा सुरू होते. तोवर तुमच्या हातातली दोन-तीन वर्षं गेलेली असतात. याच वयात पालकांच्या प्रशिक्षणाचा गुण चांगला येतो. दहावी-अकरावीच्या मुलाबरोबर हेच काम खूप अवघड जातं.

कुणाकडे जायचं? शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक तपासणीला येतं, त्यांना कान, डोळे आणि शिकण्याची अडचण तपासायला सांगा. ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला लोक घाबरतात, पण बाह्यरुग्ण विभागात जाऊन सल्ला घेतला म्हणून कुणाच्या कपाळावर काही लिहिलं जात नाही. घरापासून लांब जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असल्याचा संशय असेल तर १०९८. कुणी पहिल्याच भेटीत, फारशी चौकशी न करता गोळी लिहून दिली तर ती कशासाठी आहे आणि किती दिवस, हे न बिचकता विचारा.

आणि ताई, रात्री रडण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मी ती सोडून देणार नाही. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर आधी स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. थकलेल्या, खचलेल्या माणसाला मुलाच्या किंचाळण्यासमोर शांत उभं राहता येत नाही. तुम्ही बऱ्या झालात तर मुलाच्या उपचाराचा एक मोठा भाग तिथेच झाला.

ही सगळी पद्धत शिकायला साधारण दहा-बारा भेटी लागतात, काही घरांना जास्त. दोन आठवड्यांत मुलगा बदलला नाही म्हणून सोडू नका. आज एवढंच करा. एक वही घ्या आणि आठवडाभर रोज एकाच प्रसंगाची नोंद लिहा. आधी काय झालं, तुम्ही काय बोललात, त्याने काय केलं, शेवट कसा झाला आणि तेव्हा घरात कोण कोण होतं. ती वही घेऊन जवळच्या समुपदेशकाकडे जा. पहिल्या भेटीला मुलाला न्यायची गरज नाही. सासूबाईंना मात्र घेऊन जा, आणि बाबांना फोनवर जोडून घ्या.